सगळ्यांना दहालाच

मी लिफ्टदुरुस्तीच्या कचेरीतला बाक बोलतोय. साहेबांच्या दाराबाहेर, भिंतीला टेकून माझा मुक्काम. आहे तिघांपुरताच, पण मुलाखतींच्या दिवशी चौघं बसतात, तेही अंग चोरून. मला ही मंडळी फार आवडतात. इस्त्री मोडू नये म्हणून ताठ बसायचं आणि दार करकरलं की सगळ्यांनी एकदम उठायचं.

आमच्या साहेबांची एक खोड होती. सगळ्यांना दहालाच बोलवायचं. "निम्मे येतच नाहीत. मी कशाला वाट बघत बसू?" मग वाट बघायचं काम उमेदवारांकडे आणि भार सोसायचं माझ्याकडे.

गेल्या खेपेची जागा होती फोनवर तक्रारी घेऊन गिऱ्हाइकांना मेकॅनिकची वेळ देण्याची. आधीचा गडी प्रत्येकाला "निघालाय, पोचेलच" सांगायचा आणि शिव्या साहेब खायचे. खरं तर जागा भरायची घाई त्यांनाच जास्त होती, पण दाराआडची घाई बाहेरच्यांना कुठून दिसणार?

त्या दिवशी झाडून सगळे आले. हिरव्या पिशवीवाली एक बाई माझ्या टोकाला टेकली होती. नवऱ्याचा कारखाना बंद पडलाय, ही नोकरी मिळायलाच हवी, असं ती शेजारणीला हळूच सांगत होती. साडेबारा वाजले तरी तिचा नंबर येईना. शेवटी ती उठून काउंटरवरच्या ताईंकडे गेली.

"ताई, मला निघावं लागेल. आज एक वाजता सासऱ्यांना इंजेक्शन द्यायचंय. उद्या नऊला आले तर चालेल का?"

मला लाकडाला घाम फुटायचा तेवढा बाकी होता.

"या. मी सांगते साहेबांना," ताई म्हणाल्या.

शेवटचा उमेदवार गेल्यावर साहेब बाहेर आले. "ती निघून गेली? म्हणजे गरज नाही तिला."

"गरज आहे म्हणून तर दुसरी वेळ मागितली. नाहीतर न सांगताच गेली असती. आणि आपल्याला खरी वेळ सांगणारंच माणूस हवंय ना?"

साहेब आत वळले. पण त्या संध्याकाळी त्यांनी कुणाचीच निवड केली नाही.

दुसऱ्या दिवशी नऊला बाई हजर. दार उघडंच राहिलं होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"लिफ्ट बंद आहे, गिऱ्हाईक तापलंय, मेकॅनिक चारशिवाय मोकळा नाही. काय सांगाल?"

"चारला येईल म्हणून."

"आणखी चिडलं तर?"

"चिडू दे. पण दुपारभर दाराकडे डोळे लावून तर बसणार नाही. काल मी बसले होते ना, साहेब."

ती गेल्यावर साहेब बाहेर आले आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर बसले. बराच वेळ बसले.

"ताई, यापुढे मुलाखतीला प्रत्येकाला वेगळी वेळ द्यायची."

"देऊ की. पण वेळा लावणार कोण?"

"ती लावेल. सोमवारपासून येतेय."

आता माझ्यावर एका वेळी एकच जण बसतो. गर्दीची आठवण येते, खोटं कशाला बोलू? तुम्ही कधी आलात तर ऐसपैस बसा. आणि घरी कुणी वाट बघत असेल, तर मनात कुढत बसू नका, सांगून टाका. आमच्या फोनवर जी बसते, तिला ते लगेच कळतं.