पाचव्या दिवसाचा शर्ट

खरं सांगायचं तर हे लिहिणारच नव्हतो. दोनदा सुरू केलं आणि पुसलं. सिनेमा अजून लागायचाय, नाव सांगणार नाही, शोधत बसू नका. पण गोष्ट डोक्यातून जाईना, म्हणून लिहून टाकतो.

गोष्ट मळक्याची.

मळक्या म्हणजे सिनेमाचं वेड डोक्यात गेलेला माणूस. आणि वेड तरी कसलं, तर फक्त खरखरीत सिनेमांचं. घाम, धूळ, शिव्या, ओल आलेल्या भिंती. हिरोईन झोपेतून उठली आणि तिचे केस विंचरलेले दिसले, की याचा सिनेमा तिथेच मेला. गुंडाशी मारामारी करून आलेल्या माणसाच्या पँटची इस्त्री मोडलेली नसली, की हा शेजारच्याला कोपर मारायचा. शेजारचा ओळखीचा असायलाच हवा असं नव्हतं. फोनवर लांबलचक लिहायचा, लोक वाचायचे, भांडायचे. "घाण दाखवायला हिंमत लागते," हे त्याचं आवडतं वाक्य.

मग त्याला नोकरीच ती लागली. सिनेमासाठी नवे कोरे कपडे मळवायची.

हे खरंच काम असतं. दुकानातून आलेला शर्ट कैद्याच्या अंगावर कैद्याचा वाटत नाही. तो उकळत्या चहाच्या पाण्यात बुडवायचा, कॉलर पॉलिश पेपरने घासायची, कोपरावर किसणी फिरवायची, काखेत पिवळट रंग, खिशाच्या कडेला तेलकट बोटं. मळक्याचं हे सगळं एका खोलीत चालायचं. खोलीला खिडकी नव्हती. एक पंखा होता, तो वाफ इकडून तिकडे ढकलायचा.

आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "घरात कपडे कमी मळवतोस, म्हणून आता पगार घेऊन मळवायला चाललास?"

त्या खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये त्याचा दोस्त बसायचा. त्याला सगळे जावई म्हणायचे, कारण तो खरंच जावई होता. कपडे खात्याचे मुख्य म्हणजे मास्तर, आणि मास्तरांची मुलगी याची बायको. नोकरी मास्तरांनी लावलेली, राहायचं मास्तरांच्याच घरात. दिवसभर साहेब आणि रात्री सासरे, माणूस एकच. मळक्या त्याला चिडवायचा, "तुला रविवारी तरी सुट्टी असते का रे?" जावई म्हणायचा, "रविवारी ते घरीच असतात."

जावयाचं काम हिरोच्या अंगावर कपडे चढवायचं. हिरो म्हणजे मोठा हिरो. ज्याच्या दोन-तीन सिनेमांवर मळक्याने रात्र रात्र लिहिलं होतं. एकदा त्याने असंही लिहिलं होतं की, हा माणूस भुवयांच्या वरच अभिनय करतो, खाली काही पोचत नाही. ते नोकरी लागल्यावर पुसलं. आता हाच हिरो जेलच्या सिनेमात होता, याच इमारतीत होता, आणि मळक्याने त्याला अजून जवळून पाहिलं नव्हतं. शर्ट रोज भेटायचे, माणूस नाही.

सिनेमात कैद्याचे कोठडीतले सात दिवस होते. शर्ट एकच, पण दिवसागणिक जास्त मळलेला. म्हणून एकसारखे सात शर्ट. चौथ्या दिवशी शिपाई त्याला मारतात, त्यामुळे पाचव्या शर्टपासून पाठीवर डाव्या बाजूला वाळलेल्या रक्ताचा डाग. तो डाग मळक्याने असा जमवला होता की, मास्तरसुद्धा हात लावून बोट हुंगत होते.

आधी प्रत्येक शर्टाच्या कॉलरमध्ये आकड्याची चिठ्ठी शिवलेली असायची. पण एका जवळच्या शॉटमध्ये चिठ्ठी बाहेर डोकावली. तो शर्ट हिरोच्या अंगावर जावयाने चढवलेला. सगळ्यांसमोर मास्तर त्याला म्हणाले, "ही चूक जावई म्हणून माफ केली. पुढची माणूस म्हणूनही करणार नाही." आणि कात्री घेऊन सगळ्याच चिठ्ठ्या कापून टाकल्या. तेव्हापासून ओळख एकच. चाकांच्या स्टँडवर शर्ट ओळीने, सगळ्यात डावा पहिल्या दिवसाचा, सगळ्यात उजवा सातव्याचा.

त्या दिवशी सकाळी नेहमीच्या दारात लाइटच्या पेट्यांचा ढीग पडला होता. मळक्याने स्टँड वळसा घालून मागच्या दाराने आणला आणि पॅसेजमध्ये भिंतीला लावला. अंधारच असतो तिथे. मागून आणल्यामुळे स्टँडचं तोंड फिरलं होतं. डावं उजवं झालं होतं. मळक्याच्या ते डोक्यातही आलं नाही.

जावयाला तिसऱ्या दिवसाचा शर्ट हवा होता. त्याने डावीकडून तिसरा काढला. मोजला, पाहिला नाही.

सेटमागच्या अंधारातच शर्ट हिरोच्या अंगावर चढवून तो परत आला तेव्हा हसत होता. "चल, तुला हिरो जवळून दाखवतो. शॉटच्या आधी घाम मारायचाय. आज तू जा."

"मी?"

"मग काय मी रोज एकटाच मोठ्या लोकांत वावरू? बाटली घे. पुढून मार, मागून मार, बाहेर ये. फोटो मागू नकोस. आणि तुझी मतं तर अजिबात सांगू नकोस."

बाटलीत ग्लिसरीन आणि पाणी असतं, फवारलं की घामाचे थेंब वाटतात. मळक्याने ती अशी धरली होती जशी कोणी पूजेची सुपारी धरावी. जाताना मनात भाषण तयार झालं. तुमचा तो अमुक सिनेमा, त्यातली ती गटारातली चाल, तेव्हापासून मी... वगैरे.

कोठडीचा सेट चार भिंतींचा होता. साधारणपणे सेटची एक भिंत काढून ठेवतात, कॅमेऱ्याला जागा हवी म्हणून. या डायरेक्टरने एकही काढू दिली नव्हती. खरा लोखंडी दरवाजा, खरी कडी, आणि भिंतीला एक भोक पाडून त्यातून कॅमेरा. मळक्याला हे ऐकून भरून आलं होतं. याला म्हणतात सिनेमा, असं तो चार जणांना सांगून बसला होता.

हिरो खाटेजवळ उभा होता, डोळे मिटून. पडद्यावरच्यापेक्षा बुटका. मळक्याने पुढून घाम मारला. भाषण घशातच राहिलं. मग तो मागे गेला आणि पाठीवर त्याला स्वतःचा डाग दिसला.

त्याची पाचावर धारण बसली.

तिसरा दिवस. अजून मार पडलेलाच नाही. आणि पाठीवर वाळलेलं रक्त.

"साहेब..." तो म्हणाला, आणि बाहेर घंटा झाली. कोणीतरी "सायलेन्स" ओरडलं, लोखंडी दरवाजा ओढला गेला, कडी बसली. आतला माणूस बाहेर गेला की नाही हे कोणी पाहिलंच नाही. हिरोने डोळे न उघडता ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने खाटेखाली इशारा केला.

मळक्या खाटेखाली गेला. दुसरं काय करणार. वरून लोंबणाऱ्या घोंगडीने त्याला झाकलं.

खाली धूळ होती. विटेची पूड आणि राख, त्यानेच परवा चाळून दिलेली. आता ती नाकात जात होती. शिंक आली असती तर सगळंच संपलं असतं, म्हणून त्याने नाकपुड्या दाबून धरल्या. घोंगडीच्या फटीतून त्याला हिरोचे फक्त पाय दिसत होते.

शॉट लांबलचक होता. कैद्याला कळतं की, आपल्याला सोडवायला कोणी येणार नाहीये. तो भिंतीला टेकून स्वतःशी बोलतो, आणि शेवटी कॅमेऱ्याकडे पाठ करून भिंतीकडे वळतो. पाठ करून. म्हणजे डाग सरळ कॅमेऱ्यासमोर.

पहिल्या वेळी हिरो रडला, आवाज फाटला, सगळं झालं. पण खाली त्याच्या उजव्या पायाचा अंगठा हलत होता. एक, दोन, तीन, चार, मग वाक्य. एक, दोन, मग हुंदका. मळक्याला वाटलं, बघा, मी म्हणत नव्हतो? भुवयांच्या वरच.

"पुन्हा," भोकातून डायरेक्टरचा आवाज आला. "दार उघडू नका कोणी. आतला कोंडमारा तसाच राहू दे."

मळक्या आडवाच. तोंड उघडावं तर भोकापलीकडे सगळं युनिट ऐकतंय, मास्तर पण. सगळ्यात आधी विचारतील, शर्ट चढवला कोणी? तोंड मिटावं तर ज्या चुकीवर त्याने आयुष्यभर लोकांना झोडपलं, तीच चूक आता त्याच्या डोळ्यांदेखत सिनेमात जाऊन बसतेय. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे खाट.

पुन्हा झालं. पुन्हा अंगठा. पुन्हा "पुन्हा". आत हवा कमी झाली होती. मळक्याच्या पाठीला खाटेची पट्टी टोचत होती. अशा बंद खोल्या त्याने पडद्यावर किती पाहिल्या असतील. खुर्चीत रेलून, पाय पसरून, गुदमरायला होतंय असं कौतुकाने म्हणत. खरं गुदमरताना कौतुक वगैरे काही सुचत नाही, फक्त दार आठवतं.

मग एका वेळी अंगठा हलला नाही.

आवाजही चढला नाही. हिरो जवळजवळ कुजबुजत होता. वाक्यं तीच, पण मधे मधे तो थांबत होता, जसा माणूस खरंच शब्द विसरतो. टाच थरथरत होती, थोडीशीच, तिच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. मळक्याने नाक सोडलं आणि तोंड दाबून धरलं, कारण आता शिंकेची भीती नव्हती, रडं येत होतं. तेवढा वेळ तो शर्ट विसरला. साफ विसरला. मग पाय फिरले, बोटं भिंतीकडे झाली, आणि त्याला पाठ आठवली.

भोकातून "कट" ऐकू आलं. मग टाळ्या.

हिरो खाटेवर बसला. पट्टी आणखी खाली आली. बाहेरच्या गलक्यात त्याने हळूच विचारलं, "कोण आहेस रे तू?"

"कपडे मळवतो, साहेब."

"हा तू मळवलास? छान घाण आहे." मग, "कसं झालं?"

इतक्या वर्षांची भाषणं, आणि मळक्याच्या तोंडून निघालं, "या वेळी अंगठा हलला नाही."

वर हिरो नाकातून हसला. "हे माझ्या बायकोलाही माहीत नाही. कोणाला सांगू नकोस."

"साहेब, शर्ट चुकलाय. पाचव्या दिवसाचा आहे. पाठीवर रक्त आहे."

हिरोने हात मागे नेऊन पाठ चाचपली. "बाहेर कोणाला दिसलं?"

"बाहेरच्या छोट्या मॉनिटरवर सावली वाटली असेल. थिएटरात दिसेल."

"मला पुन्हा जमणार नाही," हिरो म्हणाला. नखरा नव्हता त्यात, थकलेला होता. "होतं ते गेलं. तुला सांगायचं असेल तर सांग, मी अडवणार नाही. अंगठ्यावर करून देईन आणखी एकदा. पण ज्याने हा मला चढवला त्याचं काय ते तू बघ."

कडी निघाली. उजेड आला, माणसं आत घुसली. मळक्या खाटेखालून निघाला तो डोक्यापासून पायापर्यंत विटेच्या रंगाचा. डायरेक्टर बघतच राहिला. "हा कोण?"

"माझा घाम," हिरो म्हणाला, आणि सगळे हसले. मळक्याही हसला. न हसून करतो काय.

त्या युनिटची एक पद्धत होती. सेट मोडायच्या आधी डायरेक्टर एकेक खात्याचं नाव घ्यायचा, आणि त्या खात्याच्या माणसाने मोठ्याने ओके म्हणायचं. एकदा सगळ्यांचं ओके झालं की भिंती उतरवायच्या, मग मागे फिरणं नाही. आणि गोष्टीत तिसऱ्या दिवसाचा असला तरी कोठडीत घ्यायचा हा शेवटचा शॉट होता. हातोडेवाले दारात येऊन उभेच होते.

"कॅमेरा?"

"ओके."

"आवाज?"

"ओके."

"कपडे?"

मास्तर दारातूनच इकडे तिकडे बघत होते. जावई कुठे दिसेना. मग त्यांची नजर मळक्यावर आली. "तू आत होतास ना? बोल की. कपडे?"

हिरो पाठ भिंतीला लावून उभा होता. पाणी पीत होता, बघत नव्हता. मळक्याला वाटलं, खोलीत हवाच नाही. खोटं दिसलं की उठून जाणारा तो, पण आता उठून जायला खुर्चीच नव्हती.

"ओके," तो म्हणाला.

पहिला हातोडा पडला तेव्हा तो पॅसेजमध्ये होता. स्टँडजवळ जावई उभा होता, हातात तिसऱ्या दिवसाचा शर्ट, तोंड पांढरंफटक. आत्ता कुठे त्याने मोजण्याऐवजी पाहिलं होतं.

"मी जाऊन सांगतो," जावई म्हणाला.

"भिंती पडल्या."

"तू सांगितलं नाहीस?"

"मी ओके म्हटलं."

जावई स्टँडच्या पायावर बसला. बराच वेळ शर्टाची बाही गुंडाळत राहिला. "तू? घड्याळाचा काटा चुकला तर पानभर लिहिणारा तू?"

"स्टँड मी उलटा लावला. मास्तरांना सांगतो, चूक माझी."

"आणि अंगावर चढवला मी. सांगितलंस तर दोघंही जाऊ. तू तुझ्या आईकडे जाशील. मी कुठे जाऊ, ज्यांनी हाकललं त्यांच्याच घरी? त्यांच्याच समोर बसून जेवू?"

पॅसेजच्या टोकाला मास्तरांचा आवाज आला. ते कोणालातरी सांगत होते की, आज शर्ट काय दिसला, जिवंत. दोघंही खाली बघत राहिले.

"हे इथे संपत नाही रे," जावई हळूच म्हणाला. "एडिटिंगला कोणीतरी बघेल. नाहीतर सिनेमा लागल्यावर तुझ्यासारखाच कुठला तरी येडा बघेल. म्हणजे तोवर मी रोज जेवताना त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचं. आज कळलं का, आज कळलं का."

मळक्या त्याच्या शेजारी बसला. अंगावरची धूळ जावयाच्या पँटवर लागली. त्याने झटकली नाही.

"हे बघ," तो म्हणाला. "ज्या दिवशी कोणाच्या लक्षात येईल, त्या दिवशी मी कुठेही असेन, दुसऱ्या कामावर असेन, तरी येईन. तुला हाक मारायच्या आधी मास्तरांपुढे मी उभा राहीन. स्टँड माझा, ओके माझं. तुला तोंड उघडावं लागणार नाही. शब्द देतो."