लाल डब्यातली टेप

या, जरा जवळ सरकून बसा. इंग्लंडातल्या आमच्या बर्मिंगहॅममधली एक गोष्ट सांगायची आहे. चार गाण्यांची आहे, आणि त्या गाण्यांखाली गाडल्या गेलेल्या एका आवाजाची.

चौसष्ट साली बॅरी ट्रॅन्टर वीस वर्षांचा होता. आठवडाभर स्क्रूच्या कारखान्यात राबायचा आणि शनिवारी तीन मित्रांबरोबर ब्लूज वाजवायचा. अमेरिकेतल्या काळ्या गवयांच्या रेकॉर्डी झिजेपर्यंत ऐकून त्यानं ते बोटांत बसवलं होतं. त्याच्या शेजारच्या मशीनवर जमैकाचे रॅन्सफर्ड पिनॉक असत. रविवारी शाळेच्या हॉलमध्ये ते चर्चच्या मंडळींना प्रवचन सांगत; तिथं सगळे एकमेकांना ब्रदर, सिस्टर म्हणत. बोलता बोलता शब्दाला सूर फुटायचा, बायाबापड्या ‘होय, देवा’ म्हणत तो उचलून धरायच्या, आणि देव दाराशी येऊन उभा आहे असं वाटायचं.

बॅरीनं गाणी भरून घ्यायला त्यांचा टेपरेकॉर्डर मागितला.

“ने, पोरा. कोऱ्या टेपा दोन आहेत, वापर. लाल डब्यातली तेवढी सोड. त्यात माझं प्रवचन आहे, आईला पाठवायचंय. म्हातारीनं मला प्रवचन सांगताना कधी ऐकलंच नाही.”

शनिवारी दुपारी दोन्ही टेपा चुकतमाकत भरून गेल्या. आणि मग सूर असा काही लागला की चौघं एकमेकांकडे बघतच राहिले.

“लाल डबा उघड,” ड्रमवाला केन म्हणाला.

“ती ब्रदर रॅन्सफर्डची आहे रे.”

“मग? पाद्र्याचं तोंड काय बंद पडलंय? उद्या पुन्हा बोलेल की!”

बॅरीनं डबा उघडला. आपल्या हातानं उघडला, हे तो पुढं कधीच विसरला नाही. एकामागून एक चार गाणी झाली, खालचं प्रवचन पुसत.

सोमवारी तो रॅन्सफर्डना म्हणाला, “मशीननं टेप खाल्ली, ब्रदर.”

रॅन्सफर्डनी टेपरेकॉर्डर परत घेतला. “असू दे. पुन्हा सांगीन.”

त्यांनी पुन्हा सांगितलं, पुन्हा टेप भरली. पण ती जमैकाला पोचायच्या पंधरा दिवस आधी म्हातारी गेली.

बॅरीनं खरं सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता रॅन्सफर्डही गेले. बॅन्डचं नाव झालं, बॅन्ड मोडला. तीस वर्षांनी एका रेकॉर्ड कंपनीला नेमकी तीच चार गाणी हवी झाली. बॅरीनं टेपची नक्कल पाठवली.

“अप्रतिम!” कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला. “शेवटी कुणीतरी पाद्री मिनिटभर गातोय, तेवढं कापून टाकतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी टेप आणि मशीन घेऊन बॅरी रॅन्सफर्डच्या बायकोकडे, इसिल्डाबाईंकडे गेला. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं आणि टेप लावली. चौथं गाणं संपलं, खरखर झाली, आणि पुसायचा राहिलेला रॅन्सफर्डचा आवाज आला: “आई, दार उघड, मी आलोय गं...” तो आवाज चढत गेला आणि टेप संपली.

बाईंनी डोळे पुसले. “त्यांना ठाऊक होतं. म्हणाले, ‘इसिल्डा, माझी मशीन टेप खात नाही, पोरगं खोटं बोलतंय.’ मरेपर्यंत दर रविवारी तुझं नाव घेऊन प्रार्थना करायचे.”

शिव्या दिल्या असत्या तर बॅरीला सोसल्या असत्या. त्यानं मान खाली घातली. “आता काय करू, सिस्टर?”

“मला विचारतोस? तेव्हा विचारलं होतंस?”

बॅरीनं तिथूनच कंपनीला फोन केला. प्रवचनाचं ते एक मिनिट राहील, नाहीतर गाणी मिळणार नाहीत. आणि रेकॉर्डच्या पाकिटावर लिहायचं, ही टेप कुणाची होती आणि कुणी पुसली. पलीकडचा माणूस बराच वाद घालत राहिला. बॅरी हलला नाही. फोन ठेवला तेव्हा बाईंनी त्याच्यापुढे चहा ठेवला होता. माफ केलं, असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत.

ती रेकॉर्ड कधी ऐकलीत, तर चौथ्या गाण्यानंतर उठू नका. आणि जमैकातल्या त्या म्हातारीची आठवण ठेवा. ॲडिना पिनॉक तिचं नाव. लेकाचा आवाज यायचा होता म्हणून ती टपालाच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती.