टेबलावरून पडलेला गुडघा

मित्रांनो, मी एक जुना गुडघा आहे. कोणाचाही नाही, माझा मीच. साच्यातून बाहेर पडलो तेव्हा माझी प्लास्टिकची हाडं पांढरीशुभ्र होती आणि त्यांच्या टोकावर एक गुळगुळीत निळी टोपी होती. त्या टोपीला कूर्चा म्हणतात. तुमच्या गुडघ्यातही ती आहे, फक्त निळी नाही. ती असते म्हणून हाडावर हाड घासत नाही. माझी टोपी काढता-घालता येते, कारण तिच्यात लोहचुंबक आहे. तुमच्यात ही सोय ठेवलेली नाही, आणि सगळी भानगड तिथूनच सुरू होते.

दक्षिण कोरियातल्या सुनचॉन शहरात, हाडांचे डॉक्टर तक यांच्या टेबलावर मी राहतो. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. आलेला प्रत्येक जण मला वाकवून बघायचा. पुढे भिंतीवर पडदा आला, त्यावर रंगीत गुडघे गरगर फिरू लागले आणि माझ्याकडे कागद उडू न देण्याचं काम आलं. मी ते मन लावून केलं.

अशातच एका सकाळी मेंग हारिन आली. शाळकरी मुलगी, पण खांदे असे की दारातून जरा तिरकी शिरली. ती सिरुम खेळायची, म्हणजे वाळूतली कुस्ती. या कुस्तीत दोघी आधी समोरासमोर गुडघे टेकतात, एकमेकींचा पट्टा धरतात आणि मग उठून भिडतात. तिच्या एका बाजूला वडील बसले, त्यांचं डुकराच्या मांसाच्या रश्श्याचं हॉटेल होतं. दुसऱ्या बाजूला तिचे कोच, पे मास्तर. मास्तर खुर्चीचा हात घट्ट धरून बसले आणि बसताना हळूच कण्हले. ते फक्त मी ऐकलं.

डॉक्टरांनी पडद्याकडे पाठ केली आणि मला उचललं. काय सांगू मित्रांनो, माझे स्क्रू थरथरले!

हारिनच्या उजव्या गुडघ्यातली टोपी एका जागी हाडापर्यंत झिजली होती. केवढी, असं वडिलांनी विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, लसणाच्या तीन चकत्या शेजारी शेजारी ठेवा, तेवढी. वडिलांचा चेहरा पडला. लसूण त्यांना कळत होता.

मग उपाय निघाले. पहिला, हाडाला बारीक भोकं पाडायची. आतलं रक्त वर येतं, गोठतं आणि त्याचं ठिगळ बनतं. दुसरा, गुडघ्याच्या कमी कामाच्या कोपऱ्यातून हाडासकट कूर्चेच्या गुल्ल्या काढून खड्ड्यात ठोकायच्या. तिसरा, तिच्याच कूर्चेचा कण काढून प्रयोगशाळेत वाढवायचा आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत खड्ड्यात भरायचा.

"लवकर कशाने होईल?" मास्तरांनी विचारलं. आमच्याकडे हा प्रश्न नमस्काराच्याही आधी येतो.

डॉक्टर म्हणाले, भोकांचं काम एकदाच आणि सोपं, पहिली काही वर्षं छानही चालतं. पण ते ठिगळ मूळ कूर्चेइतकं चिवट नसतं, रोज धडका घेणाऱ्या पोरांत पुढे लवकर झिजतं. गुल्ल्यांवर खेळाडू लवकर उभे राहतात, मात्र खड्डा मोठा असला की गुल्ल्या आणायच्या कुठून? वाढवलेली कूर्चा मोठ्या खड्ड्याला बरी, पण दोनदा टेबलावर झोपायचं आणि वर्षभर वाळूकडे नुसतं बघायचं. आणि कोवळ्या वयाच्या मुलांवरचे अभ्यास अजून थोडे आहेत, हेही त्यांनी लपवलं नाही.

"म्हणजे पहिलं हे ताजं किमची," आमच्याकडच्या कोबीच्या लोणच्याचं नाव घेत वडील म्हणाले. "आणि तिसरं हिवाळ्यासाठी मुरत ठेवलेलं."

"ताजं किमचीही चांगलंच लागतं हो," मास्तर म्हणाले.

"त्या दिवशी."

वसंतातली स्पर्धा सात-आठ महिन्यांवर होती, आणि तेवढ्यात वाळूत उतरायचं तर भोकंच परवडणार होती. मास्तरांनी हारिनला विचारलं, दुखतं का फार? "ठीक आहे, सर," ती म्हणाली. वडील आणि गुरू दोन्ही बाजूंना बसलेले असताना आमच्याकडच्या मुलांना तेवढं एकच उत्तर येतं. तेव्हा भोकंच पाडायची, असं ठरलं. सगळे उठले. निरोपाला वडील वाकले, मास्तर वाकले, उलट डॉक्टरही वाकले. त्या वाकावाकीत मास्तरांचं कोपर मला लागलं.

मित्रांनो, मी उडालो! इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी कुठेतरी निघालो होतो. आपटलो, आणि माझी निळी टोपी खुर्चीखाली घरंगळली.

तिन्ही थोरली माणसं उचलायला अर्धवट वाकली. पण मोठ्यांना वाकू देऊन लहान उभं राहील, हे कसं चालेल? हारिन चटकन गुडघ्यांवर बसली, टोपी उचलली आणि तिथेच राहिली.

"उठ की गं," मास्तर म्हणाले.

"उठता येत नाहीये, सर. अडकलाय."

रोज अडकतो का, असं डॉक्टरांनी विचारलं. रोजच, ती म्हणाली. कुस्ती सुरू होताना ती सगळा भार डाव्या पायावर घेऊन उठते, म्हणून कुणाला दिसत नाही.

डॉक्टर तिच्यासमोर फरशीवरच बसले, मला तिच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "या दोघांचं ऐकलं. तुला काय हवंय?"

तिने टोपी माझ्यावर नीट बसवली. मग म्हणाली, "मला वाळूत गुडघे टेकायचेत. आणि परत उठायचंय. येत्या वसंतात नाही जमलं तरी चालेल."

"मुरू दे मग," वडील म्हणाले.

स्पर्धा तिच्याशिवाय झाली. दोन शस्त्रक्रिया झाल्या, कुबड्या आल्या आणि गेल्या. मी टेबलावर होतोच, टोपीला त्या पडण्याची एक चीर घेऊन. त्या चिरेवर बोट ठेवून डॉक्टर आता प्रत्येक मुलाला विचारतात, "खरं सांग, दुखतं का?" तेव्हा मित्रांनो, माझं ऐका. दुखत असेल तर दुखतं म्हणा. आदर ठेवायला मान वाकवली तरी पुरते, त्यासाठी गुडघा द्यावा लागत नाही.

पुढच्या वर्षीचा हिवाळा संपता संपता हारिन परत आली. वडिलांनी मुरलेल्या किमचीचा डबा आणला होता. तिने डॉक्टरांसमोर फरशीवर गुडघे टेकले, कपाळ टेकेल इतका मोठा नमस्कार केला आणि उठली. दोन्ही पायांवर, सरळ! माझ्या सगळ्या स्क्रूंनी टाळ्या वाजवल्या.

ते बघून पे मास्तरांनाही राहवलं नाही. तेही गुडघ्यांवर बसले, तसेच वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

"सर?" हारिन म्हणाली.

"ठीक आहे, ठीक आहे," मास्तर फरशीला म्हणाले.

डॉक्टरांनी मला पुढे ओढलं.