महाराजांनी काढलेलं पित्ताशय

धायरीच्या त्या मंगल कार्यालयात कुत्र्यांची रांग आणि माणसांची झुंबड! व्यासपीठावर महिपती महाराजांनी बकुळा नावाच्या कुत्रीच्या पोटाला ओली हळद फासली, वरून तळहात घासला, आणि पोट लालभडक झालं. "ना सुरी, ना टाका! रोग मुळासकट बाहेर!" असं गरजत त्यांनी चिमटीत धरून एक हिरवीगार पिशवी उंच केली. लोकांनी हात जोडले. तिचे मालक दीनानाथराव यांना तर रडूच कोसळलं.

शेजारच्या सत्यनारायणालाही नाक मुरडणारा हा पेठेतला निवृत्त गणित शिक्षक! पण बायको गेल्यावर घरात बोलायला उरली होती ती ही एवढीशी कुत्री. प्राण्यांच्या डॉक्टर उल्का यांनी बजावलं होतं, "काका, कर्करोग अजून पित्ताशयातच आहे. दुर्बिणीनं, तीन बारीक छिद्रांतून पित्ताशय काढून टाकू. उशीर मात्र करू नका." छिद्रं म्हणताच काकांनी तारीखच घेतली नाही. महाराजांकडे तर छिद्रही नव्हतं.

महाराजांनी काढलेली पिशवी काकांनी स्पिरिटच्या बाटलीत घालून जपून ठेवली. दोन महिन्यांत बकुळेचे डोळे पिवळे पडले, खाणं सुटलं. त्याच सुमारास घरकामाच्या सरुबाईंच्या हाती ती बाटली लागली.

"अगं बाई! काका, तुम्ही कोंबडी कधीपासून खायला लागलात?"

"भलतंच काय बोलताय?"

"अहो, हे कोंबडीचं पित्त. साफ करताना हळूच काढावं लागतं, फुटलं तर सगळा रस्सा कडू."

त्या घरात तीन पिढ्यांत अंडंसुद्धा आलं नव्हतं. ओळखणार कुठून?

काका बकुळेला उचलून दवाखान्यात धावले. उल्काताईंनी बाटली पाहिली, मान हलवली. "पिशवी बोटांच्या बेचक्यात लपवायची. तळहाताला चुना लावायचा, हळदीला लागला की लाल होतो. झालं रक्त!"

"मग आता तरी दुर्बिणीनं करा ना!"

"यकृतभर पसरलंय, काका. आता शस्त्रक्रियेचा उपयोग नाही. दुखणं तेवढं कमी करू शकते."

चौथ्या दिवशी बकुळा गेली. पाचव्या दिवशी काका धायरीच्या रांगेशेजारी उभे राहून, हळदीला चुना लावून लोकांना दाखवत होते. कुत्र्याला छातीशी धरलेला एक तरुण म्हणाला, "आजोबा, तुमची श्रद्धाच कमी पडली असेल."

"अजिबात नाही हो. पुरेपूर होती, म्हणूनच माझी कुत्री मेली. डॉक्टरकडे जा, आजच जा. तुमच्या कुत्र्याला अजून वेळ असेल."

तरुणानं मान फिरवली. रांग एक पाऊल पुढे सरकली.