डिस्कला लावलेलं हळदकुंकू

नवीकोरी डिस्क आणली, वायर जोडली, आन् कॉम्प्युटर म्हणतोय मला काय दिसतच न्हाय! आरं मुडद्या, डोळं फुटलं का तुझं?

मी उचगावची तानाबाई. गावच्या दूध संस्थेत रिटायर होईपतूर कॉम्प्युटरवर दुधाची बिलं काढली, तवा ह्या यंत्राला मी काय भीत न्हाय. भ्या वाटत हुतं ते येगळंच. आमचे मालक, आकाराम, कुस्तीच्या मैदानात माईकवर बोलायचे. गेल्या उन्हाळ्यात गेले. त्यांची मैदानातली बोलणी गावभर लोकांच्या मोबाईलात हायेत, त्यांचं मला काय न्हाय. पर आमच्या ह्या जुन्या कॉम्प्युटरात एक रेकॉर्डिंग हाय, त्यांनी स्वतः नाव घातलंय, 'घरी सराव'. घरात बसून बोललेलं तेवढं एकच. ऐकायचं धाडस मला अजून झालं न्हवतं.

आन् आता कॉम्प्युटरातली डिस्क कट् कट् वाजाय लागली. पोरगा विश्वजित पुण्याला असतो. फोनवर म्हणला, "आई, ती कवाबी जाईल. आता उगं काय उघडत बसू नकोस. बाहेरनं जोडायची नवी डिस्क घे आन् सगळं तिच्यात घाल." तशीच शाहूपुरीतल्या दुकानात गेलो आन् घेऊन आलो.

आमच्यात नवी वस्तू घरात आली की हळदकुंकू लावल्याबिगर चालू करत न्हाईत. पाण्याची मोटार असू दे न्हायतर मिक्सर. मालक गेल्यापासनं ते काम शेजारची आक्का करती, कारण तिचा नवरा हाय. मिक्सरला चाललं. पर ह्या डिस्कला? माझ्या नवऱ्याचा आवाज ठेवायचा आन् कुंकू दुसऱ्याच्या बायकूनं लावायचं? दार लावून घेतलं आन् मीच लावलं. पाण्यात कालवून, चांगली बोटं भरून. सवय मोडली हुती की.

मग वायर जोडली. डिस्कचा दिवा लागला, पर कॉम्प्युटरात ती काय येईना. विश्वजितला फोन लावला. त्यो म्हणला वायर दुसरीकडं खोचून बघ. बघितली. बंद करून चालू कर. केला. "बरं, डिस्क मॅनेजमेंट उघड, तिथं दोन दिसत्यात का?" तिथं बी जुनी एकटीच बसलेली.

"आई, मला मीटिंग हाय. रविवारी निवांत बघू."

रविवारी! हितं जुनी एकेक श्वास मोजायलीय, आन् ह्याचा रविवार.

तेवढ्यात आक्का ताक द्यायला आली. डिस्कवरचं कुंकू बघून तांब्या हातात धरूनच हुबी राहिली. "तू लावलंस व्हय? मला हाक मारायचीस, मी आलो असतो की गं."

"यंत्राला काय कळतंय, सवाष्ण कोण आन् रांडव कोण?" मी फाडकन म्हटलं.

आक्का ताक ठेवून गेली. मी बोललो खरं, पर मनात आलं, खरंच माझा हात लागूनच बिघडलं असंल तर? जे राखायचं त्यालाच माझा हात नडला असंल तर? बसलो एकटीच रडत. मग रडण्याचा बी राग आला आन् वायर खसकन उपसली.

वायरीचं टोक पिवळंधमक! बारीक तोंड डिस्कचं, त्यात हळद जाऊन बसलेली, वाळून घट्ट झालेली. बाई गं! बिघडलं न्हवतंच काय. हळद जास्त झाली हुती, एवढंच. दात घासायच्या कोऱ्या ब्रशनं हलक्या हातानं सगळी काढली, फुकलं, वायर परत जोडली. टुंग झालं आन् डिस्क दिसली. मी मोठ्यानं हसलो. घरात हसायला जोडीला कोण न्हवतं, म्हणून लगीच थांबलो.

पयलं 'घरी सराव' उचललं. निम्म्यात अडकलं, परत सरकलं, शेवटी गेलं बाई एकदाचं पलीकडं. मग मैदानातली पाठवाय लागलो, तर चार-दोन गेली आन् जुनी डिस्क कॉम्प्युटरासकट गपकन बंद पडली. जाऊ दे, म्हटलं.

नवी डिस्क टीव्हीला जोडली, हात जोडले आन् 'घरी सराव' लावलं. मालक खाकरले. "मंडळी, आता मैदानात येतोय..." म्हणून सुरुवात केली, आन् लांबनं माझाच आवाज आला, "अवं, भाकरी गार हुतीया, येताय का न्हाय?"

"आलो गं, आलो."

खुर्ची सरकली. माईक तसाच चालू ठेवून माणूस उठून गेला. पुढं नुसती मोकळी खोली. मी बंद करणार, तेवढ्यात भांडी वाजली. आतल्या खोलीत आमी दोघं जेवत हुतो. ते कायतरी सांगत हुते, सावकाश, लांबलचक, मधनंच हसत हुते. मी बी हसत हुतो. आवाज शेवटपतूर वाढवला, कान लावला, पर एक शब्द बी कळंना.

मला एवढं काय सांगत हुते वो त्या दिवशी? सकाळधरनं आठवतोय. न्हाय आठवत.