ताईचे हात पोचत नाहीत

आधी एक सांगतो, म्हणजे पुढे गोंधळ नको. ताईला जन्मापासून ऐकू येत नाही. आमच्या घरात सगळं बोलणं हातांनी चालतं. त्यामुळे ताई 'म्हणाली' असं मी लिहीन तिथे ती हातांनीच म्हणाली असं समजा. भांडणंही हातांनीच. आणि भांडताना खोलीतला दिवा घालवणं म्हणजे समोरच्याचं तोंड दाबणं. आई हे हमखास करते.

ताईच्या हातात माझं नाव आहे बाहीला नाक पुसणं. लहानपणी पुसायचो. चिकटलं ते चिकटलं.

ताई लॉन्ड्रीत इस्त्रीला आहे. हॉटेलांच्या चादरी येतात. चादर गरम प्रेसखाली सरकवायची, पलीकडून ओढायची, घडी घालायची, की पुढची तयार. उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या म्हणून डॉक्टरकडे गेलो. ते म्हणाले मनगटातली नस दबतेय, हे काम सोडा, नाहीतर हात निकामी होईल. ते बोलले माझ्याशी, आणि मी ते ताईला हातांनी सांगितलं. सांगताना माझेच हात जड झाले. तुमचा-माझा हात गेला तर आपल्याला चमचा धरता येणार नाही. तिचा गेला तर ती मुकी होईल, जी ती आजवर एक दिवसही नव्हती.

म्हणून हे दुसरं काम. एक संस्था आहे. ज्यांच्या लहान मुलांना ऐकू येत नाही अशा आईबापांना ती व्हिडिओवरून खुणांची भाषा शिकवते. त्यांना शिकवायला माणूस हवा होता, आणि ज्याला स्वतःला ऐकू येत नाही असाच हवा होता. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी ताईला तिच्या कानांसकट मागत होतं. सोमवारी चाचणीचा वर्ग घ्यायचा होता. अट एकच, इंटरनेट चांगलं पाहिजे.

"इंटरनेटचं मी बघतो," मी म्हणालो.

घरातली बोलाचालीची कामं पहिल्यापासून माझ्याकडे. गॅसवाला, बँक, डॉक्टर, सगळं मी बोलतो आणि मग ताईला थोडक्यात सांगतो. मला कॉम्प्युटरमधलं कळतं असाही घरात समज आहे. कोणी शिकवलं नाही, उघडून-बिघडवून शिकलोय.

मोबाइलचं नेट आमच्या गल्लीत नावापुरतं, त्यामुळे पर्याय दोनच. एक गल्लीतला केबलवाला. खांद्यावर कायम वायरचं वेटोळं, म्हणून सगळे त्याला 'गुंडाळी' म्हणतात. त्याचं दुकान म्हणजे चपलांच्या दुकानातलं अर्धं टेबल. दुसरी मोठी कंपनी, काचेचं ऑफिस, आत थंडगार. तिथल्या पोरानं मला भिंतीएवढ्या पडद्यावर सिनेमा लावून दाखवला. कुठे अडकला नाही, थांबला नाही. वेगाचा आकडा गुंडाळीच्या तिप्पट. मी वर्षभराचं करून टाकलं.

रविवारी माणूस येऊन डबी बसवून गेला. मी चाचणी घेतली. फोन हातात धरून मामाला इंटरनेटवरून कॉल लावला आणि घरभर हिंडलो. बाल्कनी, मोरी, कपाटामागचा कोपरा.

"ऐकू येतंय का मामा?"

"खणखणीत. शेजारी बसल्यासारखा."

"आता?"

"अरे येतंय बाबा. तुला दुसरं काम नाही का?"

ताई दारात उभी राहून बघत होती. तिनं विचारलं, "कसं आहे?" मी म्हणालो, "एक नंबर. काळजी करू नको."

माझी चूक तुम्हाला एव्हाना कळली असेल. आम्हाला कळली नव्हती. ज्या घरात कोणी बोललेलं ताईला ऐकू जात नाही, त्या घरात मी ताईसाठीचं इंटरनेट आवाजावर तपासून घेतलं होतं.

सोमवारी सकाळी ताई केस विंचरून, गडद रंगाचा साधा कुर्ता घालून बसली. हात उठून दिसावेत म्हणून गडद. मागे आईनं चादर टांगली होती. संस्थेच्या मॅडम पडद्यावर आल्या. त्यांना ऐकू येतं, पण हात ताईसारखेच चालतात. अगदी स्वच्छ दिसत होत्या, कानातला खडासुद्धा दिसत होता. ताईनं सुरुवात केली. मॅडमनी डोळे बारीक केले. पुढे वाकल्या. मग हात वर करून म्हणाल्या, "थांबा. तुमचे हात दिसत नाहीत."

ताई म्हणाली, "मला तुम्ही दिसताय."

"चेहरा दिसतो. हात हलले की नुसती ठिगळं दिसतात. बोटं मोजता येत नाहीत."

आई माझ्यामागून पडदा बघत होती. "मला तर सगळं लख्ख दिसतंय. त्या बाईचंच काहीतरी बिघडलं असेल."

ताईनं परत करून दाखवलं, सावकाश. मॅडमनी मान हलवली. ताईनं आणखी सावकाश केलं. भाषा तेवढी सावकाश केली की भाषा राहत नाही. गाणं एकेक अक्षर तोडून म्हणतात तसं होतं ते. मी डबी बंद करून चालू केली, खिडकीत ठेवली, हातात धरून उभा राहिलो. काही फरक नाही. शेवटी मॅडम म्हणाल्या, "आता दुसऱ्या बाईंची वेळ आहे. तुम्ही जेवणानंतर परत या. तेव्हाही असंच असेल तर मला काही करता येणार नाही. पालक आधीच घाबरलेले असतात, त्यांना ठिगळं नाही दाखवू शकत."

पडदा काळा झाला. ताई माझ्याकडे बघत होती.

मी कंपनीला फोन लावला. बराच वेळ बासरी ऐकली. मग एक पोरगा आला.

"सर, आवाज व्यवस्थित येतोय का?"

"आवाज येतोय. आवाजाचं काय करू? हात दिसत नाहीयेत."

"हात म्हणजे, सर?"

सांगितलं. तो म्हणाला, "सर, आपला डाउनलोड वेग एकदम उत्तम दिसतोय."

"इकडून तिकडे जाणारा किती आहे?"

कीबोर्डची टकटक आली. मग आकडा सांगितला. येणाऱ्याच्या तिसाव्या भागाएवढा. आख्खं जग आमच्या घरात धो-धो येणार होतं आणि आमच्याकडून बाहेर जायला सुईचं भोक.

"वाढवता येईल?"

"तो वेगळा प्लॅन आहे, सर. आपल्या भागात उपलब्ध नाही."

ताई बाजूला उभी होती. "काय म्हणतोय?"

मी एका हातानं म्हणालो, "थांब, नंतर सांगतो."

तिनं माझ्या हातातून फोन काढून घेतला. रागानं नाही. पोराच्या हातातून कात्री काढून घेतात तसा. कॉल कापला आणि तिच्या मैत्रिणीला व्हिडिओ लावला. तिलाही ऐकू येत नाही, शिक्क्यांच्या कारखान्यात असते, सोमवारी सुट्टी, तिला आम्ही चष्मेवाली म्हणतो. ताईनं तिला लिहून पाठवलं, "मी दारोदार फिरणार आहे. जिथे माझी बोटं दिसतील तिथे सांग." आणि चपला घालून निघाली.

मी मागे. पासवर्ड मागायला कोणीतरी तोंडवाला लागणारच होता.

खालच्या शिवणकामवाल्या बाईंकडे गेलो. ताई मशिनींच्या मध्ये उभी राहून फोनसमोर हात हलवायला लागली. बाई मला म्हणाल्या, "काय रे, देव आला का अंगात?" मी म्हणालो, "नोकरीचं आहे मावशी." "मग येऊ दे, येऊ दे." पण चष्मेवालीनं नकारार्थी मान हलवली. तिथेही आमचीच मोठी कंपनी. समोरच्या दातांच्या दवाखान्यात गेलो. पेशंट तोंड उघडं टाकून ताईकडे बघत राहिला. तिथेही ठिगळं. कोपऱ्यावरच्या छपाईवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "पासवर्ड देतो, पण उद्या सगळी गल्ली मागेल." दिला, आणि त्याचाही उपयोग झाला नाही. जो तो मोठ्या कंपनीत गेलेला. सगळ्यांनी तोच सिनेमा बघितला होता.

जेवणाची वेळ निघून चालली. ताईचा उजवा हात आता मध्येच थांबत होता. ती तो मांडीवर आपटायची आणि परत सुरू करायची.

मी म्हणालो, "ताई, पुढच्या वेळी बघू."

"पुढची वेळ कोणाची?" ती म्हणाली. "तुझी असेल. माझी नाही."

उरले वरच्या मजल्यावरचे काका. निवृत्त हेडक्लार्क, एकटे. आमच्या स्वयंपाकघराच्या पंख्याची वाफ त्यांच्या खिडकीत जाते म्हणून आईशी त्यांचा अबोला. जिन्यात आई दिसली की ते भिंतीकडे तोंड करतात आणि आई मुद्दाम खोकते. ताईनं बेल वाजवली. काकांनी साखळी न काढता दार किलकिलं केलं.

"काका, तुमच्याकडे इंटरनेट कोणाचं?"

"त्या गुंडाळीचं. का? चोरायचंय?"

"थोडा वेळ वापरायचंय. ताईचा वर्ग आहे."

"माझी झोपायची वेळ आहे. मला घरात आवाज चालत नाही."

"ती बोलते त्याला आवाजच नसतो, काका."

त्यांनी ताईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आणि तुझा?"

"मी दाराबाहेर थांबतो."

साखळी निघाली. ताईनं आत जाऊन दोन-चार वाक्यं केली. चष्मेवालीनं पडद्यावर दोन्ही हात वर करून हलवले. ती आमच्यात टाळी असते. गुंडाळीच्या लाइनीवर जायचा वेग यायच्याएवढाच होता.

काका खरंच कोचावर आडवे झाले आणि घोरायला लागले. ताईनं खुर्ची अशी ठेवली की मागे नुसती भिंत दिसेल. मॅडम आल्या, आणि या वेळी एक जोडपं होतं, मांडीवर मुलगी. बाप हात खिशातून काढायलाच तयार नव्हता. ताईनं त्याला 'दूध' शिकवलं, 'झोप' शिकवलं, 'कुठे दुखतंय' शिकवलं. मी दाराच्या फटीतून बघत होतो. इतकी भरभर बोलताना तिला मी फार दिवसांनी बघितलं.

बापानं मॅडमना काही विचारलं. मॅडमनी ताईला सांगितलं, "ते विचारतायत, तुमच्या घरच्यांना कितपत येतं?"

ताईनं दाराकडे बघितलं नाही. म्हणाली, "माझ्या भावाला तीन गोष्टी फार छान येतात. जेवायला ये. थांब. नंतर सांगतो." मॅडम हसल्या. बापही हसला आणि त्याचे हात बाहेर आले. मी जिन्यात खाली बसलो.

वर्ग संपल्यावर मॅडमनी सांगून टाकलं. काम तुमचं. पण सध्या आठवड्याला दोनच वर्ग देता येतील. आणि शेजाऱ्यांकडून नाही, स्वतःच्या घरून. आईबाप मनातलं बोलतात, रडतात, मागे कोणी घोरत असलेलं चालणार नाही. पुढच्या सोमवारपर्यंत सोय झाली तर ठीक, नाहीतर दुसऱ्या बाई तयार आहेत.

मी गुंडाळीकडे धावलो. त्यानं येऊन जिन्यातली वायरीची नळी ठोकून बघितली. "चोंदलीये. तुमच्या मजल्याला भिंत फोडावी लागेल. घरमालकाला विचारा." घरमालक परगावी. फोन उचलेना. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. ताई रोज लॉन्ड्रीत जात होती आणि संध्याकाळी हात गरम पाण्यात बुडवून बसत होती. म्हणजे तेवढा वेळ घरात तिचा शब्द नाही.

शेवटी गुंडाळी म्हणाला, "वरच्या काकांच्या खिडकीतून खाली वायर सोडतो. त्यांनी हो म्हणायला पाहिजे फक्त."

काका म्हणाले, "खिडकी पूर्ण लागणार नाही. मला वारं बाधतं."

मी समजावलं, हात जोडले. नाहीच. खाली येऊन आईला सांगितलं. ताई पाण्यात हात घालून बसली होती, तिनं वर बघितलं नाही. आई उठली, पदर खोचला आणि जिना चढली. मी मागे जायला लागलो तर म्हणाली, "तू नको. तू बोललास की काम बिघडतं."

वरून आईचा आवाज आला. "पंखा दुपारचा बंद ठेवते. भाजून निघालो तरी चालेल."

मग काकांचा. "आणि खोकणं?"

"खोकणंही."

शनिवारी वायर खिडकीतून खाली आली. फटीत काकांनी स्वतःच जुन्या बनियनचा बोळा कोंबला. ताई म्हणाली, "तू खाली रस्त्यावर जा. तुझ्या मोबाइलवर बघ. चष्मेवाली कामावर आहे."

मी छपाईवाल्यासमोर उभं राहून त्याच्याच इंटरनेटवरून फोन लावला. ताई पडद्यावर आली. तिनं बोटं मोजून दाखवली. लख्ख. नखंसुद्धा दिसत होती. ती बोलत राहिली आणि मी नुसतं बघत राहिलो, कारण एवढं निरखून तिच्या हाताकडे मी समोर बसून कधी बघितलं नव्हतं. उजवा अंगठा करंगळीपर्यंत जात नव्हता. अर्ध्यात थांबत होता. दर वेळी.

"दिसतंय ना?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, "दिसतंय."

तिला कळलं मला काय दिसतंय ते. तिनं उजवा हात खाली घेतला आणि डाव्या हातानं सुरू केलं. शिकत असावी बरेच दिवस. आकार चुकत होते, एक खूण दोनदा करावी लागत होती. आमच्या भाषेत ती बोबडी बोलत होती.

"लॉन्ड्रीत सोमवारपासून जात नाही," ती म्हणाली.

"ताई, दोन वर्गांत भागणार नाही."

"माहीत आहे."

"मग?"

डावा हात हवेत थांबला. खूण सापडत नसावी. मी वाट बघितली. छपाईवाला आतून विचारत होता, आवाज येतोय का रे नीट. मी त्याच्याकडे पाठ केली.