शेंदराखालचा पत्रा

वडूजच्या कोरडवाहू रानातला सोपान नौदलातून निवृत्त झाला आणि जुन्या शिडाच्या होड्या तपासू लागला. कोयनेच्या जलाशयावर पर्यटकांना फिरवणाऱ्या जयराजनं त्याला बोलावलं, तेव्हा तो आधी नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाशी गेला. डोलकाठीला पुढून ताणून धरणारी तार तिथल्या पोलादी पत्र्याला अडकवलेली असते. पत्रा गेला की डोलकाठी गेलीच.

पण पत्रा दिसेचना. जयराजची आई रंगूबाई दर खंडेनवमीला त्यावर शेंदूर चढवायची. थरावर थर बसून त्याचा चांगला तांदळा, बिनचेहऱ्याचा शेंदरी देव, झाला होता.

सोपाननं पटाशी काढताच रंगूबाई कडाडली, "हात लावून तर बघ! देव हाय त्यो."

वाद घालायची सोपानला हौस नव्हती. त्यानं एक सुपारी मागून पत्र्यापुढं ठेवली. "आवं मावशी, देवाला म्हणा, काम हुईस्तवर ह्या सुपारीत बसा."

देव हलवायची ही रीत रंगूबाईला ठाऊक होती. तिनं अक्षता टाकल्या, सुपारी पदराच्या गाठीला बांधली. "खरवड आता."

शेंदूर निघाला. खाली पत्रा तारेच्या भोकापासून कडेपर्यंत चिरलेला होता. "ह्यो बदलल्याबिगर होडी सोडू नगा," सोपान म्हणाला.

"माणसं येऊन बसल्यात," जयराज म्हणाला. "आजची फेरी मारू, उद्या बदलू. इतकी वर्सं टिकलाय की!"

"मी सांगायचं ते सांगितलं," म्हणून सोपान पटाशी पुसत राहिला.

रंगूबाई होडीतून काठावर उतरली. तिनं पदराची गाठ चाचपली.

"इतकी वर्सं ह्यो व्हता म्हणून टिकला. आता ह्यो माझ्यासंगं खाली उतारलाय. जा, मार फेरी."

जयराज शीड उतरवायला लागला.